कम्युनिटी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा असेल तर

अमेरिकेतल्या पुष्कळ लहानमोठ्या गावांत हौशी वादकांचा एक कम्युनिटी बँड असतो. दिवसभर कचेरीत, दवाखान्यात किंवा शाळेत काम करणारी माणसे आठवड्यातून एका संध्याकाळी एखाद्या शाळेच्या बँडरूममध्ये जमतात, दोनेक तास तालीम करतात आणि हिवाळ्यात सभागृहात, उन्हाळ्यात बागेत, बहुधा मोफत कार्यक्रम करतात. परंपरा जुनी आहे. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनचा बँड १८२८ पासून वाजतो आहे, आणि तेव्हा पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, बसवण्याची युक्ती निघून जेमतेम दहा वर्षे झाली होती. माझ्या पाहण्यात या बँडांमध्ये मराठी माणसे अजून थोडीच आहेत, पण अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत कपाटात एक ट्रम्पेट मात्र पडून असतो. मुलाने किंवा मुलीने पाचवी-सहावीत शाळेच्या बँडसाठी तो घेतलेला असतो, मूल कॉलेजला जाते आणि वाद्य घरीच राहते. असा ट्रम्पेट हाती असलेल्या आईवडिलांसाठी, आणि भारतात शाळेच्या किंवा एनसीसीच्या बँडमध्ये कधीकाळी वाजवून मग सोडून दिलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

एक गोष्ट आरंभीच समजून घेतली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. पेटीवादकाची बोटे दोन तास सहज चालतात, तबलावादक रात्रभर साथ करू शकतो. ट्रम्पेट मात्र तोंडाभोवतीच्या लहानशा स्नायूंवर चालतो, आणि ते थकले की ज्ञान, इच्छा, चांगले वाद्य यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. वाद्य कोणते घ्यावे, रोज किती वाजवावे, बँडमध्ये कोणती ओळ मागावी, कार्यक्रमाच्या आठवड्यात काय टाळावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे ओठांत किती बळ शिल्लक आहे यावरून काढायची असतात. हौशी वादक हा हिशेब सोडून तार सप्तकातल्या स्वरांच्या मागे लागतो, आणि वर्षभरात कंटाळून वाद्य पुन्हा कपाटात ठेवतो.

वाद्य आणि माउथपीस

घरात ट्रम्पेट असेल तर नवा घेण्याआधी तो तपासावा. तिन्ही व्हॉल्व्ह दाबल्यावर न अडखळता खाली जाऊन चटकन वर आले पाहिजेत. चारही स्लाइड, म्हणजे सरकत्या नळ्या, हाताने सरकल्या पाहिजेत. एखादा व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढून काढली असता हलका ‘पॉप’ असा आवाज आला, तर पिस्टन आणि त्याचे आवरण यांच्यातून हवा फारशी गळत नाही असे समजावे. माउथपीसनंतर, म्हणजे ओठांना लावायच्या सुट्या तोंडानंतर, लगेच येणाऱ्या नळीवर तांबूस-गुलाबी ठिपके दिसले तर पितळातले जस्त झिजू लागले आहे. ती नळी कधीतरी बदलावी लागेल, पण तोवर वाद्य वाजते. अडकलेला माउथपीस पकडीने पिळून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यात नळीच वाकते. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे त्यासाठीचे लहानसे अवजार असते आणि काम दोन मिनिटांत होते.

विकत घ्यायचाच असेल तर यामाहा, बाख यांसारख्या नेहमीच्या कंपन्यांचा वापरलेला विद्यार्थी-ट्रम्पेट घ्यावा. इंटरनेटवर फार स्वस्तात मिळणारी, रंगीत लाखेची, अनोळखी नावाची वाद्ये घेऊ नयेत. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि पुष्कळ कारागीर ती दुरुस्तीला घेतही नाहीत. महागड्या व्यावसायिक वाद्याचीही पहिली दोन-तीन वर्षे गरज नसते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तिथल्या पारंपरिक ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट नसतोच, कॉर्नेट असतो. बोटांची मांडणी तीच आहे, पण वाद्य आणि माउथपीस दोन्ही वेगळे लागतात. ट्रम्पेटच वाजवायचा असेल तर लाकडी सुषिर वाद्येही असलेला विंड बँड किंवा कॉन्सर्ट बँड शोधावा.

माउथपीसच्या बाबतीत हौशी मंडळी जितके पैसे आणि वेळ घालवतात तितके क्वचितच दुसऱ्या कशावर घालवत असतील. बाख पद्धतीत आकडा लहान तसा पेल्याचा व्यास मोठा, आणि अक्षर ‘ए’कडून पुढे जाईल तसा पेला उथळ होत जातो. नव्या वाद्याबरोबर बहुधा ‘७ सी’ येतो, ज्याचा व्यास सुमारे १६.२ मिलिमीटर असतो. त्यावर निदान वर्षभर वाजवावे, आणि मग बदलावासा वाटला तर ‘५ सी’ किंवा ‘३ सी’ आजमावावा. उथळ माउथपीसवर वरचे स्वर सोपे होतात हे खरे, पण आवाज पातळ होतो आणि बँडच्या मधल्या ओळीत तो खुपतो. नव्या माउथपीसचा पहिला आठवडा नेहमीच गोड जातो, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये.

आवाज कसा निघतो, आणि ‘सी’ म्हणजे काळी पाच का

ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर भरते. ओठ मिटून त्यांतून हवा सोडली की ते कंप पावतात आणि नळीतला हवेचा स्तंभ त्यांच्याबरोबर बोलू लागतो. एकही व्हॉल्व्ह न दाबता नळीतून ठरावीक स्वरच निघतात: मधला ‘सी’, त्यावरचा ‘जी’, वरचा ‘सी’, मग ‘ई’, मग ‘जी’. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की हे सारे स्वर अर्धस्वराने उतरतात, पहिल्याने पूर्णस्वराने आणि तिसऱ्याने दीड स्वराने. तीन बोटांच्या सात जुळण्यांत सगळे सप्तक बसते. त्यामुळे बोटे शिकायला आठवडा पुरतो; कोणत्या स्वराला ओठ आणि श्वास कसा ठेवायचा हे शिकण्यातच पुढची वर्षे जातात.

पेटी येत असलेल्याला इथे एक अडचण येते. बँडमधला ट्रम्पेट ‘बी-फ्लॅट’ जातीचा असतो, म्हणजे कागदावर ‘सी’ लिहिलेला असताना त्यातून पेटीवरची काळी पाच वाजते. कंडक्टर सर्व वाद्यांना उद्देशून ‘कॉन्सर्ट बी-फ्लॅट’ म्हणतो तेव्हा ट्रम्पेटवादकाने आपला ‘सी’ वाजवायचा. नियम एवढाच की कॉन्सर्ट स्वराच्या एक पूर्णस्वर वरचा स्वर आपल्या कागदावर असतो. बँडची बहुतेक रचना काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांत असते, कारण या वाद्यांना त्या सोयीच्या पडतात. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येणे मात्र अनिवार्य आहे. कानाने धून उचलणारा कितीही तयारीचा असला, तरी ज्याच्या ओळीत मूळ धून नसून नुसते आधाराचे स्वर आहेत त्याला कागदावाचून गत्यंतर नसते.

काही स्वर ट्रम्पेटच्या रचनेमुळेच बेसूर निघतात. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून निघणारा खालचा ‘डी’, आणि तिन्ही दाबून निघणारा ‘सी शार्प’, हे चढे असतात, कारण दोन-तीन व्हॉल्व्ह एकदम दाबले असता जोडल्या जाणाऱ्या नळ्यांची एकूण लांबी हवी त्याहून थोडी कमी पडते. यासाठी तिसऱ्या स्लाइडला डाव्या हाताच्या अनामिकेत अडकवायची कडी असते. या दोन स्वरांना ती बाहेर सरकवण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी. उलट वरचा मोकळा ‘ई’ किंचित उतरलेला असतो. तंबोऱ्याबरोबर रियाझ केलेल्याला हे फरक लगेच ऐकू येतात, आणि हे आपल्याकडच्या संगीताचे संस्कार घेऊन आलेल्या वादकाचे मोठेच भांडवल आहे. फोनवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये काळी पाच लावून त्यावर संथ स्वर लावण्याइतका चांगला व्यायाम मला दुसरा माहीत नाही.

मराठी कानाला ट्रम्पेटचा आवाज ओळखीचा आहे तो लग्नाच्या बँडमुळे आणि चित्रपटसंगीतामुळे. सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले गोव्याचे चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादकांनी तो आपल्या मनात बसवला: झगमगता, थोडा थरथरता, सगळ्यांच्या पुढे येणारा. कॉन्सर्ट बँडमध्ये तो आवाज एखाद्या एकल तुकड्यात शोभतो. एरवी तिथे सरळ, गोल, थरथर नसलेला स्वर हवा असतो, जो शेजारच्या दोघांच्या स्वरात मिसळून जाईल. जुनी आवड सोडायचे कारण नाही, फक्त ती कुठे वापरायची याचे भान ठेवावे.

रोजचा रियाझ

सुरुवातीला एकदम तासभर वाजवू नये. सकाळी पंधरा मिनिटे आणि संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात, आणि त्यातही जितका वेळ वाजवले साधारण तितका वेळ वाद्य खाली ठेवावे, हा जुन्या शिक्षकांचा नियम आहे. विसाव्याच्या वेळात पुढची ओळ बोटांनी वाजवता येते, मनात गाता येते, टाळी देऊन ताल पक्का करता येतो. नोकरदार माणसाला हे विशेष सोयीचे आहे, कारण निम्मा रियाझ आगगाडीत बसूनही होतो.

आरंभ मंद, लांब स्वरांनी करावा. मधल्या ‘जी’पासून खाली येत प्रत्येक स्वर आवाज न वाढवता, न थरथरता, पूर्ण श्वासाचा लावावा, गायक खर्ज भरतो त्याचाच हा प्रकार आहे. त्यानंतर व्हॉल्व्ह न हलवता केवळ ओठ आणि श्वासाने ‘सी’वरून ‘जी’वर आणि परत असे सरकण्याचा अभ्यास करावा. हा सर्वांत नीरस आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. मग बोटांचे काम. हर्बर्ट क्लार्क हे अमेरिकेचे विख्यात मार्च-रचनाकार जॉन फिलिप सूसा यांच्या बँडमधले प्रसिद्ध कॉर्नेटवादक. त्यांचे १९१२ चे अभ्यास अगदी हळू आवाजात आणि एका श्वासात वाजवायचे असतात, त्यामुळे ते ओठ न थकवता बोटे तयार करतात. जाँ-बातिस्त आर्बान यांचे १८६४ चे जाडजूड पुस्तक आजही प्रत्येक ट्रम्पेटवादकाच्या स्टँडवर सापडते, पण ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवण्याचा ग्रंथ नव्हे. शिक्षकाला विचारून त्यातले जिभेचे आणि सप्तकांचे धडे घ्यावेत. महिन्यातून एक-दोनदा का होईना शिक्षक असावाच, कारण गाल फुगताहेत का, खांदे उचलले जाताहेत का, माउथपीस एका बाजूला सरकला आहे का, हे स्वतःला दिसत नाही.

दाब ही सर्वांची वाईट सवय. वरचा स्वर निघेनासा झाला की हात आपोआप माउथपीस ओठांवर दाबतो. स्वर निघतो, पण ओठांतला रक्तप्रवाह थांबतो आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळेच ओसरते. वाजवून झाल्यावर ओठांवर उमटलेले वर्तुळ बराच वेळ राहत असेल तर दाब जास्त आहे. अशा वेळी वरच्या स्वराचा हट्ट सोडून श्वास वाढवावा, आणि तरीही जमत नसेल तर त्या दिवसापुरते थांबावे. ओठ सुजले, बधिर झाले किंवा दुखू लागले असताना वाजवणे म्हणजे रियाझ नव्हे. प्रौढ वयात सुरुवात करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. समोरच्या दातांचे कोणतेही काम करण्यापूर्वी आपण ट्रम्पेट वाजवतो हे दंतवैद्याला सांगावे, कारण दाताच्या आकारात झालेला थोडासा बदलही वादनावर परिणाम करतो. आणि काचबिंदू किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण जोराने फुंकताना डोळ्यांतला आणि पोटातला दाब तात्पुरता वाढतो.

घर सदनिकेत असेल तर प्रॅक्टिस म्यूट (वाद्याच्या रुंद तोंडात बसवायचे बूच) लागतो. त्याने आवाज शेजारच्या खोलीपुरता उरतो, पण फुंकताना अडथळा वाढतो आणि सुराचा अंदाज बिघडतो, म्हणून सगळा रियाझ त्यावर करू नये. आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी मोकळा आवाज ऐकायला हवा. शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळची एखादी वेळ ठरवणे हाच त्यावरचा सरळ उपाय. चहा घेऊन लगेच वाजवायला बसणे ही खास आपली सवय, आणि ती वाद्याला घातक आहे. दूध-साखरेचा अंश नळीत जाऊन चिकटतो आणि व्हॉल्व्ह जड होतात. निदान चूळ तरी भरावी.

निगा फार अवघड नाही. रोज वाजवण्यापूर्वी व्हॉल्व्हना तेलाचे दोन-तीन थेंब, स्लाइडना महिन्याकाठी ग्रीस, आणि महिन्यातून एकदा सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुणे. पाणी कढत घेतले तर लाख निघते. व्हॉल्व्हवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते अदलाबदल झाले की वाद्यातून हवाच जात नाही, आणि नवशिक्या दुरुस्तीला धावतो. नळीतून गळणाऱ्या पाण्याला सगळे थुंकी म्हणतात, पण ते बहुतांशी श्वासातल्या वाफेचे पाणी असते. ते साचून बुरशी धरते, आणि बुरशी असलेले वाद्य वर्षानुवर्षे वाजवल्याने फुप्फुसांचा विकार झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तेवढ्यासाठी तरी वाद्याची आंघोळ चुकवू नये.

बँडमध्ये प्रवेश, आणि तिसरी ओळ

पुष्कळ कम्युनिटी बँडांत प्रवेशपरीक्षा नसते. काही बँड कुठे बसवायचे हे ठरवण्यापुरते थोडे वाजवून घेतात. आधी पत्र पाठवून एका तालमीला श्रोता म्हणून जावे. हंगाम बहुधा सप्टेंबरमध्ये सुरू होतो, आणि मध्येच शिरण्यापेक्षा तेव्हाच जाणे बरे. वार्षिक वर्गणी किरकोळ असते. मध्य सप्तकातला सरळ सूर, एक-दोन फ्लॅटच्या पट्ट्या आणि साधे ताल वाचता येऊ लागले की जाण्यास हरकत नाही. पूर्ण तयारी होईपर्यंत थांबणारे कधीच जात नाहीत.

ट्रम्पेटच्या ओळी सहसा तीन असतात. पहिलीत धून आणि वरचे स्वर, दुसरीत त्याखालची जोड, तिसरीत तळाचे स्वर. आपल्याकडे ‘पहिला’ म्हणजे श्रेष्ठ असा समज असल्याने तिसऱ्या ओळीत बसणे कमीपणाचे वाटते. माझे मत अगदी उलट आहे. तिसरी ओळ वाजवणारा चांगला असेल तर वरच्या दोघांना सूर धरायला जमीन मिळते; तो डळमळला तर सबंध विभाग चढा ऐकू येतो. शिवाय तिथले स्वर मधले आणि खालचे असल्याने दोन तासांच्या तालमीत ओठ टिकतात. म्हणून पहिली दोन वर्षे आपण होऊन तिसरी ओळ मागावी. कंडक्टरला याचा आनंद होतो, कारण पहिली ओळ मागणारे त्याच्याकडे पुष्कळ असतात. जुन्या मार्चच्या कागदांवर ‘कॉर्नेट’ आणि ‘ट्रम्पेट’ अशा वेगळ्या ओळी दिसतात. गोंधळून न जाता विभागप्रमुख सांगेल ती वाजवावी.

तालमीत सर्वांत अवघड काम वाजवण्याचे नसून न वाजवण्याचे असते. ट्रम्पेटला सोळा-सोळा, कधी चाळीस मात्रासमूहांचा विसावा असतो, आणि त्यानंतर नेमक्या समेवर प्रवेश असतो. तबल्याची आवर्तने मोजण्याची ज्याला सवय आहे त्याला हे लवकर साधते. मोजणी मनात चालू ठेवावी, बोटावर आकडे धरावेत, आणि प्रवेशाच्या आधी कोणते वाद्य काय वाजवते ते पेन्सिलीने कागदावर लिहावे. पेन्सिल न घेता तालमीला जाणे हा हौशी वादकाचा सर्वांत सामान्य अपराध आहे. कंडक्टर एकदा सांगतो ती दुरुस्ती लिहिली नाही तर पुढच्या आठवड्यात तो तीच पुन्हा सांगतो, आणि साठ माणसांची दोन मिनिटे जातात.

म्यूट दोन घ्यावेत: स्ट्रेट आणि कप. पहिल्याने सूर बहुधा चढतो, दुसऱ्याने उतरतो, म्हणून घरी ट्यूनरवर पाहून ठेवावे. म्यूट पायाशी पाडल्याचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू जातो, तेव्हा तो स्टँडला लटकवण्याच्या पिशवीत असावा.

कानांचा विचार तालमीच्या पहिल्या दिवसापासून करावा. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित धरला जातो, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला तासभरच. बँडच्या मधोमध, पाठीशी ढोल आणि झांजा असताना आवाज यापलीकडे सहज जातो. सगळे स्वर सारखेच कमी करणारी वादकांसाठीची कर्णरोधके मिळतात. ती वापरणारा वादक भित्रा ठरत नाही.

कार्यक्रमाचा आठवडा

कार्यक्रम शनिवारी असेल तर मोठा रियाझ बुधवारपर्यंत संपवावा. शुक्रवारच्या रंगीत तालमीत पहिल्या ओळीतले जाणते वादकही वरचे स्वर एक सप्तक खाली वाजवतात किंवा नुसती बोटे हलवतात. नवा माणूस मात्र उत्साहाने सगळे पूर्ण जोरात वाजवतो आणि शनिवारी मध्यंतरानंतर त्याच्याकडे आवाज उरत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दहा मिनिटे मंद स्वर लावून थांबावे. मंचामागे कोणी तार स्वरांचे प्रदर्शन मांडले असेल तर तिथून उठून बाहेर जावे. शेजाऱ्याशी आधीच ठरवून घ्यावे की लांब, सलग तुकड्यात कोण कुठे श्वास घेणार आणि कोण कुठे चार मात्रा सोडणार; हे लपवण्यासारखे नाही, चांगले विभाग असेच वाजवतात.

उघड्यावरच्या कार्यक्रमाला कपडे वाळत घालायचे चिमटे न्यावेत, नाहीतर पहिल्याच झुळुकीत कागद उडतात. हवामानाचा सुरावरचा परिणाम तर मोठाच असतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की नळीतल्या स्तंभाचा सूर सुमारे ३ सेंट चढतो, आणि पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर १०० सेंट असते. जुलैतल्या उन्हात पितळ तापते, सगळे चढतात. ऑक्टोबरच्या संध्याकाळी विसाव्यात वाद्य गार पडते आणि प्रवेश उतरून होतो. म्हणून थंडीत लांब विसाव्याच्या शेवटी वाद्यातून आवाज न करता गरम श्वास सोडत राहावे. अमेरिकेच्या उन्हाळ्यातल्या स्वातंत्र्यदिनाला सूसाचा १८९६ चा प्रसिद्ध मार्च ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ वाजतोच; तो नेहमी कार्यक्रमाच्या शेवटी असतो, तेव्हा त्याच्यासाठी थोडे बळ राखून ठेवावे.

टॅप्स

बँडमध्ये वर्षभर टिकलात की मे महिन्याच्या सुमारास तुम्हाला कोणीतरी विचारेल, टॅप्स वाजवाल का. मेच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, गावोगावच्या स्मशानभूमींत आणि स्मारकांपाशी ही धून वाजते. भारतात हुतात्म्यांना मानवंदना देताना बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते, तसेच हिचे स्थान आहे. १८६२ मध्ये अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात जनरल डॅनियल बटरफील्ड यांनी तिला आजचे रूप दिले. एकूण चोवीस स्वर, आणि ते सगळे बिगुलाचे, म्हणजे एका नळीतून निघणारे. व्हॉल्व्ह हलवावा लागत नाही. २००० पासून पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीत टॅप्स असणे कायद्याने आवश्यक आहे, पण वाजवणारे पुरत नाहीत आणि ध्वनिमुद्रण लावावे लागते. त्यामुळे ‘ब्यूगल्स अक्रॉस अमेरिका’सारख्या संस्थांमधून हौशी ट्रम्पेटवादक स्वयंसेवक म्हणून जातात.

धून सोपी आहे असे म्हणणाऱ्याने ती कधी वाजवलेली नसते. भाषणे चालू असताना अर्धा तास गप्प उभे राहून, ओठ गार झालेले असताना, कोणत्याही साथीवाचून पहिलाच स्वर बिनचूक लावायचा असतो. म्हणून तिचा रियाझही तसाच करावा: घरातले दुसरे काम करता करता मध्येच उठून, ओठ तापवण्यासाठी एकही स्वर न लावता, ती एकदा पूर्ण वाजवावी आणि वाद्य ठेवून द्यावे. चुकली तरी त्या वेळी दुसऱ्यांदा वाजवू नये, कारण तिथे दुसरी संधी नसते. मोकळ्या नळीवर सर्वांत वरचा स्वर ‘जी’ येतो. त्याची धास्ती वाटत असेल तर पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह दाबून धरून सबंध धून वाजवावी. ती दीड स्वराने खाली येते, वरचा स्वर सोपा होतो, आणि अमेरिकी सैन्याचा बिगुल ‘जी’चाच असल्याने सूरही मूळ वाद्याच्या पट्टीत पडतो. माउथपीस आयत्या क्षणापर्यंत खिशात उबदार ठेवावा. मंडपापासून काही अंतरावर, पण वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे, आणि शेवटच्या स्वरानंतर वाद्य हळू खाली घेऊन तिथेच थांबावे.

महाराष्ट्र मंडळात पेटीबरोबर

ट्रम्पेट येतो हे कळले की मंडळाच्या गणेशोत्सवात वाजवण्याचा आग्रह होतोच. गायकाची पट्टी आधी विचारून घ्यावी. काळी पाच असेल तर आपला सा मोकळा ‘सी’, काळी दोन असेल तर ‘एफ’, पांढरी चार असेल तर ‘जी’. या तिन्ही सुखाच्या. गायक काळी एक म्हणाला तर सा ‘ई-फ्लॅट’वर येतो, जो बँडमध्ये वाजवून ओळखीचा झालेला असतो. पांढरी दोन किंवा पांढरी तीन निघाली तर तीव्र स्वरांची रांग लागते. तिथे अर्धस्वर वर किंवा खाली चालेल का, हे संकोच न करता विचारावे. पेटीचा सूर हलवता येत नाही, म्हणून जुळवून घेण्याचे काम ट्रम्पेटचे: वाद्य आधी फुंकून तापवावे, मग पेटीच्या सा-प वर ट्यूनिंग स्लाइड लावावी. मींड हवी असेल तर व्हॉल्व्ह अर्धा दाबून सरकता येते, पण एका गाण्यात एकदाच. दुसऱ्यांदा ती गंमत वाटू लागते. गाण्याच्या वेळी ट्रम्पेट मायक्रोफोनपासून दूर ठेवून बेल (वाद्याचे रुंद तोंड) थोडी खाली, जमिनीकडे धरावी, आणि शब्द चालू असताना वाजवू नये. दोन ओळींमधली मोकळी जागा तेवढी भरावी.

ढोल-ताशाच्या मिरवणुकीत वाजवण्याचे आमंत्रण मात्र मी स्वीकारत नाही. तिथे स्वतःचा सूर ऐकू येत नाही, माणूस नकळत जोर लावतो, आणि चालताना माउथपीस दातांवर आपटतो. विसर्जन बहुधा सप्टेंबरमध्ये, नेमके बँडचा हंगाम उघडतो त्याच सुमारास येते. दोन्ही तारखा उन्हाळ्यातच दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात, आणि दोन्हींमध्ये निदान दोन दिवसांची मोकळीक राहील असे मंडळाच्या कार्यवाहांशी वेळीच बोलून घ्यावे.